एनॉस मीकरची आगबोट आणि तिसरी चांदणी

एनॉस मीकरनं आपल्या आगबोटीला बायकोचं नाव दिलं, तिथूनच त्याच्या हालांना सुरुवात झाली. हॅल्सी पॉइंटच्या धक्क्यावर उभं राहून कुणी सहज म्हणे, "डॉर्कस आज फार धूर सोडतेय," आणि पाठीमागे टोपली घेऊन खुद्द मिसेस डॉर्कस मीकर उभी असे. मग त्या माणसाला टोपी काढून निदान पाच मिनिटं हवापाण्यावर बोलावं लागे. मी मात्र टोपी काढत नसे. मी शेजारी. शेजाऱ्याला थोडी सूट असते.

माझं बुटांचं दुकान धक्क्याच्या तोंडाशीच आहे. खिडकीत बसून मी टाके घालतो आणि डोळे पाण्यावर ठेवतो. माझी बायको म्हणते, डोळे टाक्यांवर ठेवलेस तर लोकांचे बूट दोन हिवाळे जास्त टिकतील. पण मग एनॉसची ही हकिगत कुणी सांगितली असती?

हल्लीच्या पोरांना ती खोटीच वाटते. आता वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टानं सगळं पाणी सगळ्यांना मोकळं करून टाकलंय. ज्याच्याकडे चार फळ्या आणि एक बॉयलर आहे तो उठतो आणि न्यूयॉर्कला जातो. पण त्याआधीची काही वर्षं अशी होती की आमच्या पॉइंटवरून वाफेवर न्यूयॉर्कला जाणं म्हणजे चोरी होती. आणि ती चोरी आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पाळकसाहेबांचा मदतनीस, हा एनॉसच रोज दिवसाढवळ्या, चाळीस उतारू घेऊन करत होता.

एनॉस मूळचा शिडाच्या होडीवाला. वीस वर्षं त्यानं पीच, सायडरची पिंपं आणि खारवलेले मासे पलीकडे पोचवले. वारा पडला की हा होडीत मांडी घालून बसे आणि स्तोत्रं म्हणे. माणूस शांत. इतका शांत की एकदा त्याच्या होडीत एक डुक्कर व्यालं, तरी त्यानं फक्त "अरे," एवढंच म्हटलं.

मग एकदा न्यूयॉर्कहून येताना त्याला वाफेवरची बोट दिसली. वारा नाही, प्रवाह उलटा, आणि ती आपली फटफटत याच्या शेजारून निघून गेली. घरी आला तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी डॉर्कसनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि विचारलं, "मिस्टर मीकर, आजारी आहात की कसला विचार चाललाय?"

"विचार," एनॉस म्हणाला.

"किती मोठा?"

"तुझ्या वडिलांच्या बागेएवढा."

डॉर्कसला बापाकडून पीचची बाग आली होती. पॉइंटवर तशी बाग दुसरी नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत जाऊन एकेका झाडाला हात लावून आली. मी माझ्या खिडकीतून बघितलंय, म्हणून सांगतो. त्याच महिन्यात बाग विकली आणि बोटीचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे ती बोट गेली असती तर एनॉसचा धंदा तर गेलाच असता, वर डॉर्कसच्या बापाची बागही दुसऱ्यांदा गेली असती. हे ध्यानात ठेवा. तेव्हा पॉइंटवरचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणून होतं.

बॉयलर जुना होता. आधीच्या जन्मी तो व्हिस्कीच्या भट्टीत होता आणि तापला की अजूनही त्याला जुन्या आठवणी येत. डीकनच्या बोटीला तो वास यावा याची मला फार मौज वाटे. यंत्रावरचा मॅकगॅरी हा आयरिश गडी तर म्हणे की पगार कमी असला तरी चालेल, हवा चांगली आहे.

आता भांडण काय होतं ते सांगतो. पलीकडच्या न्यूयॉर्कच्या विधानसभेनं एका कंपनीला कागद करून दिला होता: आमच्या पाण्यात विस्तवावर किंवा वाफेवर बोट चालवायची तर फक्त तुम्ही. दुसऱ्या कुणी चालवली तर ती बोट बॉयलरसकट तुमची. बरं, "आमचं पाणी" कुठवर? तर म्हणे आमच्या न्यू जर्सीच्या काठाला, ओहोटीला चिखल उघडा पडतो तिथवर. म्हणजे मी माझ्या दुकानामागं पाण्यात पाय सोडून बसलो की माझी ढोपरं जर्सीत आणि टाचा न्यूयॉर्कात. आमच्या विधानसभेनंही मग चिडून उलटा कायदा केला. दोन्हीकडचे वकील पोटभर जेवू लागले. बोटीवाले मात्र मधल्या पाण्यात लटकले.

एनॉसनं तो कागद एकदा नीट वाचला. त्यात लिहिलं होतं, विस्तव किंवा वाफ. वाऱ्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. मग त्यानं आपली रीत बसवली. उपसागराच्या मधोमध खडक आहे, आमच्या कायद्यानं तिथवरचं पाणी आमचं; तिथवर जायचं वाफेवर, चाकं फिरवत, थाटात. खडक आला की मॅकगॅरीनं भट्टीतला सगळा विस्तव फावड्यानं ओढून पाण्यात टाकायचा, चर्रर्र करून ढग उठायचा, आणि एनॉसनं शीड चढवायचं. तिथून पुढे न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागेपर्यंत ही आगबोट म्हणजे एक जाडजूड, बोजड, बेढब होडी. उतारू कंटाळत, पण आमचं भाडं कंपनीपेक्षा कमी होतं.

धक्क्यावर कंपनीतर्फे एक बेलिफ बसलेला असे. टनिस क्वॅकनबॉस. डच घराण्यातला, अंगानं पिंपासारखा आणि बसायलाही पिंपच लागे. पाय एवढे मोठे की मी बघताच धंद्याच्या नजरेनं हिशेब करू लागलो. बोट लागली की तो सावकाश उठे, बोटीवर येई आणि धुराड्यावर तळहात ठेवी.

"कप्तान, धुराडं गरम आहे."

एनॉस खोटं बोलत नसे, म्हणून तो गप्प राही. उत्तर मॅकगॅरी देई. "ऊन फार आहे हो."

"पाऊस पडतोय."

"तो इकडे. जर्सीत कडक ऊन होतं. जर्सीत नेहमी ऊनच असतं, तुम्ही येत का नाही?"

क्वॅकनबॉस भट्टीचं दार उघडून आत डोकावे. राख. तो मान हलवी, एनॉसला टोपी उचलून नमस्कार करी आणि पिंपावर जाऊन बसे. दोन वर्षं हे असं चाललं होतं. त्यांच्यात दुष्मनी नव्हती. एकमेकांच्या पोरांची चौकशी होई.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे आमचा शब्बाथ. आमचे पणजोबा कनेक्टिकटहून इकडे आले तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी जिवापाड जपून आणल्या, कांद्याचं बी आणि शब्बाथ. सगळ्या जगाचा रविवार मध्यरात्री लागतो. आमचा शनिवारी सूर्य बुडाला की लागतो, आणि रविवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की सुटतो. त्या वेळात काम नाही, चूल नाही, केरवारा नाही. मी दाढी करायला विसरलो तर सोमवारपर्यंत तसाच. यातही डॉर्कसचा शब्बाथ म्हणजे पाळकसाहेबांपेक्षा कडक. त्या वेळात ती कोंबड्यांनाही अंडी घालू नका म्हणून बजावत असावी, असा मला संशय आहे.

तर सप्टेंबरातला शनिवार होता. बोटीवर पीचच्या टोपल्यांची रास, चाळीस उतारू, माझी बुटांची दोन पिंपं आणि पिंपांवर मी. डॉर्कसही होती. न्यूयॉर्कात तिच्या भाचीला मूल झालं होतं, ते बघायला निघाली होती. खडकापाशी आलो. मॅकगॅरीनं विस्तव पाण्यात लोटला. शीड चढलं. खडक बराच मागे राहिला. आणि वारा पडला.

नुसता पडला नाही, मेला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं. त्यात ओहोटी लागलेली. बोट हळूहळू मागे, खडकाच्या दिशेनं सरकू लागली. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एका बाईनं विचारलं, "हा खडक मघाशी आपल्या मागे लांब होता ना?" आणि सगळे एकदम उठले. मीही उठलो. मला पोहता येत नाही.

एनॉसनं खडकाकडे बघितलं. उतारूंकडे बघितलं. मग डॉर्कसकडे. तिनं शेजारच्या बाईचं तान्हं आपल्या कडेवर घेतलं.

"मिस्टर मॅकगॅरी," एनॉस म्हणाला, "विस्तव घाला."

"कप्तान, आपण न्यूयॉर्कच्या पाण्यात आहोत!"

"खडकावर गेलो तरी न्यूयॉर्कच्याच असू. घाला."

बॉयलर अजून गरम होता, म्हणून वाचलो. थोड्याच वेळात चाकं फिरली आणि आम्ही दुपारी चार वाजता न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलो, ते असा धूर सोडत आणि असा खडखडाट करत की अख्खा बाजार बघायला जमला.

क्वॅकनबॉस पिंपावरून उठला. त्यानं धुराड्यावर हात ठेवला नाही. गरज नव्हती.

"कप्तान," तो म्हणाला, "आज चाक फिरलं."

"फिरलं," एनॉस म्हणाला.

"वारा पडला होता का?"

"पडला होता."

"मला कळवावं लागेल हो."

"कळवा, मिस्टर क्वॅकनबॉस. तुमचं काम आहे."

मॅकगॅरीनं कपाळावर हात मारला. "अहो, काही तरी सबब सांगा की! भूत लागलं म्हणा चाकांना!" पण एनॉस पीच उतरवायला लागलाही होता. पीचला थांबता येत नाही, दुपारभर उन्हात राहिले की संध्याकाळी त्यांचा मुरंबा होतो. आम्ही सगळे भिडलो. डॉर्कस भाचीकडे जाऊन आली तरी टोपल्या संपत नव्हत्या. साडेपाच वाजता शेवटची टोपली उतरली, आणि पीच घेणारा दलाल एनॉसच्या कानाशी लागला. कंपनीनं घोडेस्वार पाठवलाय. न्यायाधीशमहाराज शनिवारचे न्यूयॉर्क ज्या बेटावर आहे त्याच्या वरच्या अंगाला आपल्या बंगल्यावर असतात. त्यांची सही झाली की कागद इकडे येणार, आणि कागद हातात पडला की बोट कंपनीची.

"निघा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. ओहोटी आहे, नुसते दोर सोडले तरी खाली जाऊ. एनॉस, हल!"

एनॉस हलला. पण यंत्र शेवटचं तपासायला मॅकगॅरी आत शिरलेला, दोन खलाशी पाणी भरायला गेलेले, पाठीमागं एक मोठी शिडाची होडी आडवी लागलेली. तिला हटवता हटवता सव्वासहा झाले. पुढचा दोर सुटला. मागचा दोर एनॉसच्या हातात होता, खुंटीवरचे तीन वेढे निघाले होते, एक राहिला होता. तेवढ्यात पलीकडे जर्सीच्या टेकड्यांआड सूर्याची शेवटची कड गेली.

"मिस्टर मीकर," डॉर्कस म्हणाली, "सूर्य गेला."

एनॉसनं हातातल्या दोराकडे बघितलं. एकच वेढा. मी तुम्हाला सांगतो, मी त्या माणसाला तीस वर्षं ओळखत होतो, आणि त्याच्या तोंडावर तसं काही मी आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मग त्यानं ते तीन वेढे पुन्हा खुंटीवर घातले. एक, दोन, तीन. आणि टोपी काढून खाली बसला.

मॅकगॅरी बाहेर आला तो बघतच राहिला. "हे काय चाललंय? कप्तान! एक वेढा! मी काढतो! मी कॅथलिक आहे, माझा शब्बाथ उद्या लागतो!"

"बोट माझी आहे, मिस्टर मॅकगॅरी," एनॉस म्हणाला. "माझ्या बोटीवर आता शब्बाथ आहे."

"आणि सकाळी ती कंपनीची असेल!"

"असेल."

मी डॉर्कसकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. तिची बाग होती ती, आणि तीच बोलली होती.

कागद आला रात्री साडेबारानंतर. घोड्याचा नाल निखळला होता असं म्हणतात. आणि न्यूयॉर्कचा कायदा असा की रविवारी कोर्टाचा कागद कुणाच्या हातात देता येत नाही, जप्ती करता येत नाही. बारा वाजले की त्यांचा रविवार लागला. त्यामुळे क्वॅकनबॉसनं कागद टोपीत ठेवला आणि टोपी डोक्यावर. रविवार संपून सोमवार लागला की पहिल्या मिनिटाला बोट घ्यायची. सकाळी तो आपल्या डच चर्चला जाऊन आला आणि पिंपावर बसला.

दहा वाजता कंपनीचा एक कारकून आला, पिवळसर विजार घातलेला, केसांना तेल. धक्क्यावर उभा राहून हसला. "काय डीकन! आज पळून जायचा मोका आहे. कायदा तुम्हाला हात लावू शकत नाही. पण तुम्ही कसले जाताय? आज रविवार! तुम्ही दोराला हात लावणार नाही, आणि उद्या लावायला दोर राहणार नाही." क्वॅकनबॉसला डोळा मारून तो निघून गेला.

मी पिंपावर बसल्या बसल्या विचार करत होतो. डोकं कधी कधी चालतं माझं. त्यांचा रविवार मध्यरात्री सुटणार. आमचा? आमचा तीन चांदण्या दिसल्या की सुटला! म्हणजे साधारण सात वाजता. तिथून मध्यरात्रीपर्यंत आमच्या देवाला हरकत नाही आणि त्यांच्या कायद्याला हात नाही. तो कारकून हे विसरला, कारण त्याला हे ठाऊकच नव्हतं. न्यूयॉर्कवाल्यांना आमच्याबद्दल पीचखेरीज काय ठाऊक असतं?

मी एनॉसजवळ जाऊन कुजबुजलो. तो पवित्र शास्त्र वाचत होता. "ठाऊक आहे," तो म्हणाला, पान उलटत.

"कधीपासून?"

"कागद आला तेव्हापासून. गप्प बस, सायलस. शब्बाथला धंद्याचं बोलायचं नसतं."

एकच अडचण होती. बोट लावली होती त्या धक्क्याच्या खोबणीत ओहोटीला पाणी राहत नाही. नऊच्या सुमारास तळ उघडा पडतो, आणि मग बोट चिखलात बसली की पहाटेपर्यंत हलत नाही. सात ते नऊ. एवढीच फट.

दुपारी डॉर्कसनं शनिवारी शिजवलेला काकवीतला घेवडा आणि मक्याचा पाव काढला. सगळं गार. तिनं एक ताटली भरली आणि धक्क्यावर नेऊन क्वॅकनबॉसपुढे धरली.

तो गोंधळला. "बाईसाहेब, मी तुमची बोट जप्त करायला बसलोय."

"जप्ती उद्या आहे. भूक आज लागलीय. घ्या."

त्यानं घेतली. दुसऱ्यांदाही घेतली.

आणि चार वाजता ढग आले. असे आले की सूर्य कधी बुडाला ते कळलंच नाही. सात वाजले. अंधार पडला. आकाशात एक चांदणी नाही. मॅकगॅरी एक बांबू घेऊन पाणी मोजत बसला होता आणि दर दहा मिनिटांनी मोठ्यानं आकडा सांगत होता. शब्बाथला मोजणी चालते का, असं मी डॉर्कसला विचारणार होतो, पण तिचा चेहरा बघून गिळलं.

साडेसातला ढगात एक भोक पडलं आणि चांदणी दिसली. "एक," डॉर्कस म्हणाली. आठनंतर जर्सीच्या अंगाला दुसरी. "दोन." मग सगळं मिटलं.

"चार फूट!" मॅकगॅरी ओरडला. बोटीला अडीच फूट लागायचं.

एनॉस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. "डॉर्कस," तो म्हणाला. चारचौघांत तो तिला असं नावानं कधी हाक मारत नसे. "पंचांगात सूर्यास्त सहा वीसला आहे."

"पंचांग न्यूयॉर्कात छापतात."

"ढगाच्या वर चांदण्या आहेतच ना."

"ढगाच्या वरचं देवाला दिसतं. आपल्याला खालून दिसायला हवं."

"तुझ्या वडिलांची बाग आहे ही."

"माझी होती, म्हणूनच मी बोलते," डॉर्कस म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. "बाग मी द्यायची तेव्हा दिली. शब्बाथ माझा नाही. तो मला देता येत नाही."



"तीन फूट!" मॅकगॅरी म्हणाला, आणि लगेच, "ती बघा! तिसरी! तिकडे!"

"तो समोर पाण्यातल्या बेटावरच्या किल्ल्यातला कंदील आहे, मिस्टर मॅकगॅरी."

"मला दिसली," मी म्हटलं. "खरंच."

"सायलस, तुला तुझ्या खिडकीतून माझ्या घरात काय काय दिसतं आणि त्यातलं किती खरं असतं, ते अख्ख्या पॉइंटला माहीत आहे."

हे मात्र लागलं मला. पण त्या वेळी खोबणीतलं पाणी तळाच्या दगडांवर चुळुकचुळुक आवाज करत होतं, रागवायला सवड नव्हती.

मग एनॉस उठून उभा राहिला आणि मान वर करून बघत राहिला. "मला वाटतं," तो म्हणाला, "त्या चर्चच्या कळसाच्या डाव्या अंगाला काहीतरी आहे. फार पुसट."

डॉर्कसनंही बघितलं. बराच वेळ. मग डोळे पुसले. "तुमची बोट आहे, मिस्टर मीकर. तुमच्या डोळ्यांना ती चांदणी हवी आहे. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आहे, मला एकाच्या चार दिसताहेत. आपल्या दोघांची साक्ष चालायची नाही." ती कठड्याशी गेली. "मिस्टर क्वॅकनबॉस!"

"जी, बाईसाहेब."

"तुम्हाला आमची बोट हवी आहे ना?"

"कंपनीला हवी आहे."

"मग तुमच्याइतका खरा साक्षीदार इथे नाही. तुमची नजर कशी आहे?"

"चांगली आहे. लांबचं बरं दिसतं."

"आकाशात चांदण्या किती ते मोजून सांगा."

क्वॅकनबॉस उठला. त्याला सगळं कळलं होतं. मठ्ठ नव्हता तो. दिवसभर आमचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं आणि घेवडा पोटात होता. त्यानं टोपी काढली, आतला कागद काढून काखेत धरला आणि मागे वाकून वर बघितलं.

"एक, त्या डोलकाठीवर," तो म्हणाला. "दोन, पलीकडे, तुमच्या बाजूला."

मग तो थांबला. मॅकगॅरी बांबू हातात धरून दगडासारखा उभा. चर्चच्या कळसाशेजारी ढगाची कड पातळ होत होती, पुन्हा दाट होत होती. मला काही दिसत नव्हतं, आता खरं सांगायला हरकत नाही.

"बाईसाहेब," क्वॅकनबॉस म्हणाला, "मी सकाळी देवळात जाऊन आलोय. आणि माझा रविवार बारा वाजेपर्यंत आहे. नेमका आजच हा प्रश्न विचारायचा होता का?"

"म्हणून तर आजच विचारते."

त्यानं मोठा सुस्कारा टाकला. "तीन," तो म्हणाला. "कळसाच्या डावीकडे. पुसट आहे, पण आहे. तीन."

"मिस्टर मीकर," डॉर्कस म्हणाली, "दोर."

चार वेढे. असे सुटले की दिसलेच नाहीत. पण बोट हलेना. मागचा भाग चिखलाला लागला होता. एनॉस, मॅकगॅरी, दोन खलाशी, मी, आणि मुक्कामाला राहिलेले पाच-सहा उतारू, सगळ्यांनी बांबू आणि वल्ही धक्क्याला टेकवून जोर लावला. माझा बांबू टेकवायला जागाच नव्हती, तिथे क्वॅकनबॉसचं पिंप होतं.

"मी हात लावणार नाही हं," क्वॅकनबॉस म्हणाला. "मी कोर्टाचा माणूस आहे." असं म्हणून त्यानं पिंप उचललं आणि चार पावलं बाजूला नेऊन ठेवलं. "पण मला बसायला तिथे जास्त आवडतं."

मी बांबू टेकवला आणि ढकललं. तळाखालून एक लांब, ओला आवाज आला आणि बोट सुटली. चाकं नाहीत, धूर नाही, शीड नाही. ओहोटीनं तिला अलगद धरलं आणि आम्ही अंधारात खाली निघालो. विस्तव किंवा वाफ, असं कागदात लिहिलं होतं. ओहोटीबद्दलही काही लिहिलं नव्हतं. मॅकगॅरी गाणं म्हणणार होता, पण एनॉसनं त्याला वल्ह्यावर बसवलं.

डॉर्कस पुढच्या टोकाला उभी होती. मी तिच्या जवळ गेलो आणि विचारलं, "खरं सांग, त्यानं दोन म्हटलं असतं तर?"

"तर दोन," ती म्हणाली, आणि अंगाभोवती शाल ओढून घेतली. थंडी नव्हती.

सकाळी पॉइंटला लागलो. चर्चमधल्या वडील मंडळींनी एनॉसला बोलावून चौकशी केली, तिसऱ्या चांदणीआधी कुणी वल्ह्याला हात लावला होता का? दोन बैठका झाल्या. माझी साक्ष त्यांनी घेतली नाही. मला याचंही थोडं लागलं. शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, चांदणी कुणी मोजली? न्यूयॉर्कच्या बेलिफानं, असं कळल्यावर विषय मिटला.

त्या हिवाळ्यात क्वॅकनबॉस आमच्याकडे आला. बुटांसाठी. त्याच्या मापाचे बूट तिकडे कुणी शिवत नाही, असं म्हणाला. मी माप घेत होतो तेवढ्यात एनॉस आणि डॉर्कस आत आले. मग एनॉसनं पोरांची चौकशी केली.

"मग त्या रात्री काय केलंत?" मी विचारलं. मला राहवेना.

"कामच होतं," क्वॅकनबॉस म्हणाला. "कागदावर होतं, अमुक धक्क्यावर, सोमवार लागताच, वाचून दाखवावा. बारा वाजले. मी उभा राहिलो, कंदील धरला आणि सगळा वाचला. मोठ्यानं."

"कुणापुढे?"

"चिखलापुढे. दोन खेकडे होते. एक मधेच उठून गेला."

एनॉसनं हात पुढे केला. "आणलाय का?"

क्वॅकनबॉसनं टोपीतून कागद काढला. जर्सीच्या जमिनीवर तो नुसता कागद होता. एनॉसनं चष्मा लावला आणि माझ्या शेगडीजवळ बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला. मग डॉर्कसकडे दिला. तीही वाचू लागली. बोटीचं नाव, बॉयलर, चाकं, शीड, दोर, वल्ही. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"स्वयंपाकाची भांडी व किटली?" ती म्हणाली. "किटलीसुद्धा?"

"यादीत सगळं घालावं लागतं, बाईसाहेब."

"ती माझ्या आईची किटली आहे!" डॉर्कसचा आवाज चढला. मी तिचा आवाज चढलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "हे मला त्या दिवशी कुणी का नाही सांगितलं? किटली नेणार होतात होय? मग मी कसल्या चांदण्या मोजत बसले असते!"

एनॉसनं चष्मा काढला आणि बायकोकडे असं बघितलं, की हसू लपवायला मी बुटाच्या मापात तोंड खुपसलं.